सलूनवाल्याच्या डोक्यातली जाळी

मी एक जाळी बोलतेय. खिडकीची नव्हे हो! तारेची, काडेपेटीतल्या काडीहून बारीक. डॉक्टर मला स्टेंट म्हणतात. एका सलूनवाल्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत माझा मुक्काम आहे.

आधी मी हॉस्पिटलच्या कपाटात सीलबंद पडून होते. मेंदूत गुठळी अडकली की डॉक्टर ती ओढून काढतात. तेवढ्याने भागलं नाही, तरच माझी आठवण होते.

त्या दिवशी गिऱ्हाइकाची दाढी करता करता सलूनवाल्याचा उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डॉक्टरीणबाईंनी गुठळी काढली. रक्त वाहिलं आणि पुन्हा अडलं. पुन्हा काढली, पुन्हा तेच. मुळात ती नळीच आतून चिंचोळी झाली होती.

बाईंनी त्याच्या बायकोला दाराशी बोलावलं. "ताई, आता आत जाळी बसवावी म्हणते. पण मग रक्त पातळ करायचं औषध द्यावं लागेल, त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नाही बसवली, तर बोलणं कायमचं जाईल, कदाचित जीवही."

"तुमचा सख्खा भाऊ असता तर?"

"बसवली असती."

"मग बसवा."

मी आत गेले, उघडले, भिंतीला घट्ट धरून उभी राहिले. रक्त धावू लागलं. संध्याकाळी त्यानं बायकोला नावानं हाक मारली, तेव्हा मलाही भरून आलं.

पण घरी गेल्यावर स्वारीला नवंच खूळ लागलं. दुकानात स्वतःची दाढी करताना हनुवटी जराशी कापली, रक्त थांबेना. "वस्तरेवाल्याच्याच तोंडाला कापूस!" गिऱ्हाइकं हसली. झालं! तेव्हापासून हा रक्त पातळ करायची गोळी जिभेखाली दडवायचा आणि बेसिनमध्ये थुंकायचा. इकडे माझ्या तारांना रक्त चिकटू लागलं. माझा जीव टांगणीला, आणि मला ओरडताही येईना.

एके सकाळी बेसिनमध्ये अर्धी विरघळलेली गोळी बायकोच्या हाती लागली.

"अहो, हनुवटीचं रक्त मी पुसेन. पण त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि तुम्हाला माझं नाव घेता येत नव्हतं. ते मी कशानं पुसू?"

तिनं त्याला तडक डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. नळी अजून उघडी होती. बाई रागावल्या, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता गोळी घेतली की बायको त्याला आ करायला लावते.

रागावू नकोस रे तिच्यावर. तुझ्या डोक्यात मी जन्मभर भिंत धरून उभी राहीन. पण गोळी काही मला गिळता येत नाही. ती तुलाच गिळायला हवी.