माप माझे, खोट कुणाची?

मित्रांनो, मी काचेचा एक लहानसा मापाचा पेला आहे. माझ्या रेघा आता पुसट झाल्या आहेत आणि मी खिळ्यांच्या डब्यात पडून असतो.

माझा जन्म पिण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी झाला. आरोग्याची पाहणी करणाऱ्या एक ताई मला पिशवीतून घरोघर नेत. दारू जास्त म्हणजे किती, हे झोकांड्यांवरून ठरत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो. दारू सौम्य असो की कडक, तिच्यातला मद्यार्क मोजून एक माप ठरवतात. मग आठवड्यात अशी किती मापे झाली आणि एका बैठकीत किती झाली, हे दोन्ही पाहतात. आकडे देशोदेशी वेगळे असतात. पण आठवडाभर कोरडे राहून सुट्टीच्या दिवशी सगळी कसर भरून काढणाराही 'जास्त'मध्येच धरला जातो.

एका सुताराच्या घरी ताईंनी विचारले, "दादा, रोज किती घेता?"

"एकच ग्लास. आमच्या धंद्यात मापात पाप चालत नाही, ताई."

ताईंनी त्याचा रोजचा ग्लास पाण्याने भरून ते पाणी माझ्यात ओतायला लावले. मी भरलो, रिकामा झालो, पुन्हा भरलो, तरी ग्लासात पाणी उरलेच. सुतार ओशाळला.

त्याचे तपासणीचे कागद पाहून ताई म्हणाल्या, "यकृताला सूज आहे ना? डॉक्टरांनी सोडायलाच सांगितलंय."

"कशी सोडायची ते त्यांना विचारून सोडतो. तोवर या पेल्याबाहेर थेंब नाही," म्हणत त्याने मला मागून घेतले.

त्याच्या मुलीने मला घासूनपुसून फळीवर ठेवले. आई कुरकुरली, की ती म्हणे, "बाबा मापातच घेतात. मी बघते ना." ते ऐकून मला अभिमान वाटे.

पण ती शाळेत गेली, की तो मला भरी, रिकामा करी, पुन्हा भरी. संध्याकाळी सर्वांसमोर मात्र एकदाच. ज्याने मला विश्वासाने मागून घेतले, त्यानेच मला खोटेपणाची ढाल केले.

एकदा शाळा लवकर सुटली. मुलगी दारात आली, तेव्हा मी त्याच्या हातात होतो.

"बाबा, हे कितवं?"

"पहिलंच गं."

तिने अर्धी झालेली बाटली पाहिली. "मी आईशी भांडले तुमच्यासाठी."

त्याने नजर चुकवली. मला खिळ्यांच्या डब्यात टाकत म्हणाला, "या पेल्याचं मापच खोटं आहे." लाकडात केसाइतका फरक न खपवून घेणारा माणूस हे बोलला.

मित्रांनो, माप खोटे नसते. ते किती वेळा भरले, हे लपवणारा खोटा असतो. 'थोडीच घेतो' म्हणणाऱ्या मोठ्यांनी थोडी म्हणजे किती, हे स्वतः मोजावे. ते मोजणे तुम्हा मुलांचे काम नाही. आणि तुम्ही कुणावर विश्वास ठेवला व त्याने तो मोडला, तर दोष तुमचा नाही. त्या दिवशी ती मुलगी बराच वेळ रिकामी फळी पुसत राहिली. दोष तुझा नाही, डब्यातून मला तिला एवढेच सांगायचे होते.