बनातलं रक्त

गावात नव्याने आलेल्या बाबाने बेहड्याच्या खोडावर कुऱ्हाड टेकवली, कमंडलूतलं तीर्थ शिंपडलं, आणि सालीवरून लाल रक्त ओघळलं. जानेफळजवळच्या आमच्या देवीच्या बनात जमलेल्या गावाने गुडघे टेकले.

"देवी गेली," बाबा डोळे मिटून म्हणाला. "झाडात सटवी बसली. बन तोडा, नाहीतर गावातले पाळणे रिकामे करील ती."

"अन् लाकडं, महाराज?" गुलाबराव पाटलांनी विचारलं.

"अशुभ लाकूड गावात नको. खामगावचे एक भाविक ठेकेदार नेतील."

सटवीचासुद्धा ठेकेदार ठरलेला होता. पण तेव्हा कुणाला हसू आलं नाही.

या बनात कुऱ्हाड न्यायची नाही, पडलेली काटकीच उचलायची, हा आमचा जुना नेम. म्हणून तर बनातला झरा वैशाखातही वाहतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. नेम त्याच्या कितीतरी आधीचा.

तीर्थाचे थेंब माझ्या कडेवरच्या शालिग्रामवर उडाले. आठ महिन्यांचा जीव, हळद-तेल लावून आणलेला, कालपासून तापाने कढत. त्याच्या झबल्यावर लाल ठिपके उमटले.

"माह्या नातवाले धरलं तिनं," सासूबाई सत्यभामाबाई ओरडत गावकऱ्यांकडे पळाल्या, दगडावरून त्यांचा पाय मुरगळला. "काऊन थांबता बे? तोडा."

सांजेपर्यंत तीन झाडं पडली. मी बाळाला छातीशी धरून गप्प उभी होते.

घरी बाळ निजल्यावर सासूबाईंच्या पायासाठी लेप कालवायला घेतला. वाटीत हळद, त्यात चुना. बोट फिरवलं आणि वाटीत तेच रक्त.

मी वाटी झबल्याशेजारी ठेवली. सासूबाईंनी वाटीत बोट बुडवून झबल्यावरच्या ठिपक्याशेजारी तसाच ठिपका काढला.

"झाडाले हळद कोणी लावली होती, सूनबाई?"

"आपणच. पूजेची."

"अन् चुना त्याच्या कमंडलूत."

हा लेप आम्ही प्रत्येकीने शंभरदा केलेला. पण बनात हात जोडले की चुलीजवळची अक्कल चुलीजवळच राहते.

सकाळी सासूबाई लंगडत बनात गेल्या. मागे आम्ही सगळ्या बाया, शेजारची हुस्नबानोही. बाबासमोर त्यांनी लेपाने लाल झालेला पाय पुढे केला.

"माह्या पायातई सटवी शिरली काय, महाराज?"

हुस्नबानोने कमंडलू पालथा केला. तळाचा पांढरा गाळ गवतावर पडला.

"एवढा चुना? पान लई खाता वाटते," ती म्हणाली.

बाबा शिव्याशाप देत पाणंदीने निघून गेला. ठेकेदाराची माणसं मात्र कुऱ्हाडी घेऊन उभीच होती. मग आम्ही एकेका झाडाला पाठ लावून बसलो. पाटील खाली मान घालून आले नि आमच्यात बसले. दुपारी गाड्या रिकाम्या परतल्या.

बाळाचा ताप मेहकरच्या डॉक्टरांच्या औषधाने उतरला. तीन बुंधे अजून तिथेच आहेत. पाण्याला जाताना मी त्यांच्याकडे पाहायचं टाळते, कारण ती झाडं पडली तेव्हा मला तोंड होतं.

बायांनो, लेकराच्या नावाने कुणी भीती घातली तर लेकराला डॉक्टरकडे न्या, आणि चमत्कार घरी आणून वाटीत कालवून पाहा. कुऱ्हाड उचलण्याआधी.