बिनतक्रारीची गल्ली

शहागंजच्या मागं आमची गल्ली आहे. लाईट गेली की इथं वीज कंपनीला कुणी फोन करत नाही, मुबारकला करतात. मुबारक आमच्या भागाचा लाईनमन. पुढ्यातलं ताट सारून येतो, डीपीचा, म्हणजे गल्लीच्या वीजपेटीचा, फ्यूज बांधतो आणि चहासुद्धा न घेता जातो. कारण त्याला ठाऊक आहे, द्वारकाबाईंचे यजमान साहेबराव ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. लाईट गेली की म्हाताऱ्याला धाप लागते. शेजारी सिलिंडर असतो, पण तो किती पुरणार?

उन्हाळा तोंडावर आला आणि ती जुनी डीपी रोजच दगा द्यायला लागली. शेवटी गल्लीच्या सह्या घेऊन मीच नवी डीपी मागायला ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या गल्लीची एकही तक्रार नाही. मी वर काय दाखवू?"

कायदा म्हणे ग्राहकासाठीच आहे. तक्रार नोंदवा, नंबर घ्या, मुदतीत काम झालं नाही तर कंपनीला जाब विचारा. आणि आम्ही इतके सुखी ग्राहक, की सरकारदरबारी आमच्याकडं कधी अंधारच पडला नव्हता! माझं डोकं असं सणकलं, की येताना रिक्षावाल्याशीही भांडले.

मुबारकला मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, तेव्हा मी द्वारकाबाईंकडंच होते. तो आला, आधी आत जाऊन साहेबरावांना सिलिंडर लावून दिला आणि द्वारकाबाईंच्या उंबऱ्यावर बसला.

"मावशी, आधी कंपनीला फोन लावा. नंबर आल्याबिगर मी खांबावर चढत नाय."

"आन् जाब कुणाला इचारतील?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मलाच. लाईन माझ्याकडं हाय ना."

"मग मी नाय करत. आमच्यासाठी एवढा पळतोस, तुझ्याच पोटावर पाय देऊ व्हय?"

मुबारक वैतागला. "अवो, उद्या माझी बदली झाली तर? नवा मानूस तुमच्या हाकेला येईल का? तवा काकांसाठी कोन पळंल?"

आत साहेबराव खोकले. द्वारकाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी फोन लावून त्यांच्या कानाला दिला. गल्लीचं नाव, मीटरचा नंबर, सगळं त्यांनी नीट सांगितलं. मग पलीकडच्या मुलीनं विचारलं, "याआधी कधी तक्रार केली होती का?"

द्वारकाबाई म्हणाल्या, "नाय बाई. करायची पाळीच येऊ दिली नाय त्यानं."

मला रडू आवरेना. मुबारक मात्र मान खाली घालून हातमोजे चढवत होता. मोबाईलवर तक्रारीचा नंबर आला, तसा तो उठला.

"आता रोज करायची," तो म्हणाला. "मी दारात उभा असलो तरी करायची."