बाबांचा एक आटा जास्त

फिरकीच्या रेसिंग सायकलचा मागचा ब्रेक रुसला होता. लागायचा अगदी बरोबर, पण सोडला की परत यायचं नाव नाही. लिव्हर सोडून द्या, खुशाल शीळ घाला, ब्रेकचं रबर आपलं रिमला चिकटून बसलेलंच, जेवणं आटोपल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखं. आणि आज सायकल संघाची निवडचाचणी होती बरं का. निवड झाली तर दुसरं शहर, संघाचं वसतिगृह, स्वतःची खोली. नाही झाली तर खाली हेच सायकलचं दुकान, वर हेच घर, आणि दोन्हीकडे बाबा.

बिचारीनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? केबल नवी घातली, नळी बदलली, सांध्यात तेल सोडलं. संध्याकाळी ब्रेक खटकन परत यायचा. सकाळी पाहावं तर रबर पुन्हा रिमला घासतंय, सुर्र, सुर्र.

मग आज तिनं केबलच सोडवली आणि कॅलिपर, म्हणजे चाकाला दोन्हीकडून धरणारा तो चिमटा, नुसत्या हातानं दाबून सोडला. तरी मंदच. म्हणजे केबल निर्दोष. तिनं सांध्याच्या नटाला पाना लावला, केसभर सैल केला. खटकन.

"हा नट मी कालच सैल केला होता," ती म्हणाली.

दादा गल्ल्यामागे वाकडा पाय लांब करून बसला होता. "भूत असेल. पाना वापरणारं. आपल्याच घरचं."

दोघांनी बाबांकडे पाहिलं. बाबा तेव्हा साखरेच्या डब्याचं झाकण आवळत होते. त्यांच्या घरातलं झाकण त्यांच्याशिवाय कुणाला उघडायचं नाही, नळाला तर दोन हात लागायचे. एकदा दादाच्या ब्रेकचा नट उतारावर निखळला, दादा पाय मोडून घेऊन बसला, आणि तो नट बाबांनी बसवलेला होता. तेव्हापासून बाबा दिसेल त्याला एक आटा जास्त फिरवतात.

"बाबा, दुकान बंद करताना तुम्ही माझ्या सायकलला हात लावता?"

"हात कुठे लावतो. नुसतं बघतो."

"पान्यानं बघता?"

"सैल होता गं."

"तो एवढा सैलच लागतो. नाहीतर ब्रेक मागे कसा येणार? तुम्हीच शिकवलंत ना मला."

बाबा दादाच्या पायाकडे बघत राहिले.

"त्याच्याकडे काय बघताय," दादा म्हणाला, "तो तुमची बाजू घेणार नाही."

फिरकीनं केबल पुन्हा अडकवली आणि पाना जर्सीच्या पाठीवरच्या खिशात टाकला. "हा मी नेते."

"मग मी काय करू?" बाबांनी इतक्या हळू विचारलं की तिला दारातच थबकायला झालं.

"साखरेचा डबा उघडा," दादा म्हणाला. "चहा केव्हाचा अडलाय. आणि तू पळ गं, नाहीतर ते तुलाही एक आटा फिरवतील."

ती पळाली. सुरुवातीच्या रेषेवर आली, सगळ्या मुलींच्या मधोमध उभी राहिली, ब्रेक दाबला, सोडला. खटकन. आहाहा, काय वाटलं तिला. मग तिनं समोर पाहिलं. रस्ता सरळ खाली जात होता. दादाचाच उतार. इतक्या वेळा तिथून गेली होती, पण आज नट सैल होता, आणि तो तिनं स्वतः सैल केला होता. केसभर म्हणजे नक्की किती? जास्त तर नाही ना झाला? निखळला तर?

तिचा हात खिशात गेला. ती नको नको म्हणत होती, पण हात काही तिचा राहिलाच नव्हता, तो सरळ बाबांचा होता. वाकली, पाना लावला, फिरवला. थोडासाच, हां. मनाच्या समाधानापुरता.

ब्रेक दाबून पाहिला. रबर रिमला जाऊन बसलं ते बसलंच.

ती पुन्हा वाकणार, तोच शिट्टी वाजली. मागच्या मुलीचं चाक तिच्या चाकाला लागलं, कुणीतरी ओरडलं, चल ना पुढे. ती निघाली. सगळ्या भुर्रकन खाली उतरत गेल्या आणि ती उतारावरसुद्धा पाय मारत राहिली, अंतर वाढतंय हे दिसत असताना. मागे सुर्र, सुर्र, घरून कुणीतरी सायकलचं कॅरियर धरून, चपला घासत मागोमाग येतंय असं.

तिच्या सायकलला कॅरियरच नव्हतं.