जाळ्याचे वण

अलास्कातल्या कस्कोक्विम नदीच्या काठावर गावाचा उन्हाळी मुक्काम पडला होता. बायका नेहमीप्रमाणे सॅल्मन मासे चिरायला बसल्या होत्या. अगाफियाची अर्धगोल सुरी भराभर चालत होती. शेजारची ओलिंका म्हणाली, "अगं, जरा दमानं. बायको एवढी कामाची आहे हे नवऱ्याला कळलं तर जन्माची सवय लागेल त्याला." सगळ्या हसल्या.

पुढचा मासा हाती आला आणि अगाफियाचं हसू थांबलं. कल्ल्यांमागे अंगाला वळसा घालून गेलेला वण, खवले खरवडलेले, कडेचं मांस पांढरं पडून कुजलेलं. हा वण गावच्या जाळ्याचा नव्हता. गावच्या जाळ्यातला मासा त्याच दिवशी सुरीखाली येतो, त्याची जखम कुजायला वेळच मिळत नाही. दूर भरसमुद्रात, जिथं कोणत्याच देशाची हद्द नाही, तिथं परदेशी जहाजं मैलोन् मैल लांबीची जाळी पाण्यावर सोडून देतात. नदीकडे परतणारे मासे त्यात अडकतात. निसटतात ते असे येतात; बाकीचे येतच नाहीत.

असा वण दिसला की तो कापून नदीत सोडायचा आणि गप्प बसायचं, ही गावाची रीत. माशांवरून भांडू नये. मासे ऐकतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. अगाफियाचे सासरे वासिली गावात सर्वांत वडील. त्यांनी याबाबत कुणाला तोंड उघडू दिलं नव्हतं. वाळवणाच्या काठ्या मात्र दर उन्हाळ्यात अधिकच मोकळ्या दिसत होत्या.

त्या दिवशी अगाफियानं वण कापला नाही. मासा तसाच अख्खा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा वाळवणाच्या काठीवर टांगला. मग दुसरा. तिसरा ओलिंकानं तिच्या हातात दिला.

वासिली आले, पाहिलं आणि हळूच म्हणाले, "काढ ते."

"नाही काढणार, मामंजी."

एवढ्यात सरकारी विमान नदीवर उतरलं. त्यातून आलेला मासेमारी खात्याचा अधिकारी भला माणूस होता. मासे घटले आहेत, तेव्हा उरलेला उन्हाळा गावानं जाळी उचलावीत, असं त्यानं अगदी नरमाईनं सांगितलं. हिवाळ्यात पोरांच्या ताटात काय वाढायचं, ते सांगितलं नाही.

अगाफियानं टांगलेल्या माशांकडे बोट केलं. "आमची जाळी उचलायला तुम्ही आलात. हे वण ज्यांच्या जाळ्यांचे आहेत, त्यांच्याकडे कोण जाणार?"

अधिकारी ओशाळला. बाहेरच्या जहाजांविरुद्ध बोलायचं तर नदीकाठच्या लोकांचं म्हणणं लागतं, आणि या गावाची आजवर एकही तक्रार नाही, असं तो म्हणाला. "वर सगळ्यांना वाटतं, इथं सारं ठीक आहे."

सगळे वासिलींकडे पाहू लागले. ते सुनेला म्हणाले, "आपण भांडलो तर मासे ऐकतील, पोरी."

"ऐकू देत, मामंजी. इतकी वर्षं आपलं गप्प बसणंही त्यांनी ऐकलंच आहे."

 वासिली वाळवणाच्या काठीपाशी गेले, त्या कुजल्या वणावर त्यांनी तळहात ठेवला आणि ते अधिकाऱ्याकडे वळले.

"बसा, साहेब. मला बोलायची सवय नाही, त्यामुळे वेळ लागेल. सांगायचंही खूप आहे. आणि तुम्ही समुद्रातली जाळी उचलेपर्यंत आमची पाण्यातच राहतील."