मागच्या दाराचा थैला

बुधवारी सकाळी नेरेइदाने नवी सॅक टेबलावर ठेवली, तेव्हा तिच्या वडिलांनी ती दोन बोटांत धरून, कुणाचं तरी ओलं फडकं उचलावं तशी उचलली.

"हे काय? मला परत शाळेत घालतेस?"

"पापा, दोन खांदे आहेत तुला. दोन्ही वापर."

"उजवा शोभेला ठेवलाय."

"आणि डावा? तो तर मोडीतच काढलायस."

यावर ते हसले आणि कॉफीत साखर घालू लागले. म्हणजे ऐकून घेतलं होतं, मान्य केलं नव्हतं.

एलाडिओ सिन्ट्रॉन चौदा वर्षं मॅनहॅटनमध्ये सायकलवरून पाकिटं पोचवत होते. वकिलांचे कागद, जाहिरातींचे नमुने, एकदा तर कुणाच्या तरी दातांचा साचा. फॅक्स आल्यापासून काम निम्म्यावर आलं होतं, तरी अस्सल सह्यांचा कागद यंत्रातून जात नाही, या एका गोष्टीवर त्यांचं चाललं होतं. चौदाही वर्षं थैला एकच. जाड ताडपत्रीचा, आतून पिवळा, छातीवरून आडवा पट्टा. पट्टा ओढला की थैला पाठीवरून पोटाशी यायचा. एक पाय पेडलवर ठेवूनच पाकीट काढायचं, झाकण दाबायचं, थैला परत पाठीवर ढकलायचा आणि सिग्नल सुटायच्या आत निघायचं. सॅकचं तसं नाही. सॅकसाठी थांबावं लागतं, ती दोन्ही खांद्यांवरून उतरवावी लागते, चेन उघडावी लागते. पण त्या थैल्याने त्यांचा डावा खांदा दोन बोटं खाली आणला होता. शर्ट घालताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत, म्हणजे मुलीला चेहरा दिसू नये.

नेरेइदाही सायकलनेच कामाला जाई. अव्हेन्यू सी या रस्त्यावरच्या घरून निघायची आणि मिडटाउनमधल्या एका उंच इमारतीत, बाविसाव्या मजल्यावरच्या वकिलांच्या कचेरीत पोचायची. ती तिथे वकिलांची मदतनीस होती. तिच्या सॅकमध्ये ऑफिसचे बूट, एक घडी केलेला ब्लाउज आणि कायम एखादी कादंबरी असे.

"तुझ्या पाठीला घाम, माझ्या खांद्याला कळ," वडील म्हणायचे. "ज्याने त्याने आपलं निवडावं."

त्या दिवशी मात्र त्यांनी सॅक पाठीला लावली. तिच्यासाठी.

दुपारी चार वाजता नेरेइदा फर्मच्या भागीदार मिसेस हॉल्स्टेड यांच्याबरोबर स्वागतकक्षात उभी होती. लिफ्टचं दार उघडलं आणि पापा बाहेर आले. मालवाहू लिफ्टमधून नव्हे, पुढच्या, पितळी दाराच्या लिफ्टमधून.

त्या इमारतीत कुरियरवाल्यांनी पुढच्या दाराने यायचं नाही, असा नियम होता. त्यांनी मागच्या गल्लीतून यायचं, वहीत नाव लिहायचं, माल चढवायच्या लिफ्टने वर जायचं आणि टपालखोलीच्या खिडकीत पाकीट द्यायचं. खालचा पहारेकरी प्रुइट कुरियरवाल्याला ओळखायचा ते थैल्यावरून. सॅक काय, सगळ्यांच्याच पाठीवर असते. चौदा वर्षांत पहिल्यांदा एलाडिओ सिन्ट्रॉन संगमरवरावरून चालत आले होते आणि कुणी हटकलं नव्हतं. ते लेकीला सांगायला आले होते. नुसत्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

मिसेस हॉल्स्टेड यांनी मान किंचित वळवली. "हे कोण? तुझ्या ओळखीचे?"

"कुरियरवाले असतील," नेरेइदा म्हणाली.

ते चार पावलांवर होते. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी लगेच काढलं नाही. हळूहळू, रीतसर काढलं. मग सॅक उतरवून जमिनीवर ठेवली, गुडघे वाकवले, चेन उघडली, पाकीट काढलं. या सगळ्याला फार वेळ लागला.

"इथे सही करा, मॅडम."

तिने सही केली.

"आभारी आहे, मॅडम. मागची लिफ्ट कुठून?"

संध्याकाळी त्यांनी तुरीच्या दाण्यांचा भात केला. तळाची खरवड नेहमीसारखी तिच्या ताटात वाढली.

"पापा…"

"खा. गार होतोय."

ती खाली मान घालून जेवली. त्यांनी रेडिओवर बेसबॉलचा सामना लावला आणि आपला संघ हरतोय म्हणून त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

सकाळी ती उठली तेव्हा सॅक दाराच्या खुंटीवर होती, रिकामी. थैला गेला होता. अकरा वाजता एका लाल सिग्नलला, एक पाय फुटपाथच्या कडेवर टेकवून उभे असताना, एलाडिओ सिन्ट्रॉन बाजूला कलले आणि परत उठले नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले. आदला दिवस कसा गेला होता, असंही त्यांनी विचारलं. बरा गेला, असं तिने सांगितलं.

शनिवारी रॉल आला. रॉल त्रिनिदादचा, ताडमाड, पुढचे दोन दात एका टॅक्सीच्या दारावर सोडून आलेला. पापांच्या बरोबर दहा वर्षं रस्त्यावर होता. त्याने थैला तिच्या हातात दिला.

"आत तीन पाकिटं होती. ती पोचवली, मग हॉस्पिटलात आलो. रागावू नकोस."

"आधी पाकिटं?"

"आमच्यात असंच असतं, पोरी. गेलेल्याचं काम परत कुरियरच्या कचेरीत जात नाही. आपल्यातल्याच कुणीतरी ते पोचवायचं. मी पाकिटं तशीच घेऊन तिथे आलो असतो, तर म्हाताऱ्याने उठून कानाखाली दिली असती."

ती पहिल्यांदा हसली. मग विचारायचं नव्हतं ते विचारलं. "बुधवारचं काही बोलले का?"

"बोलले का म्हणजे? बाकावर बसून अर्धा तास तेच! पुढच्या दाराने गेलो, प्रुइटने मला नमस्कार केला, लिफ्टमध्ये आरसा आहे रे रॉल!"

"आणि वर?"

"वर काय? म्हणाला, लेक भेटली. छान दिसत होती म्हणाला."

नेरेइदाने थैल्याचा पट्टा घट्ट धरला. त्यांनी रॉललाही सांगितलं नव्हतं. तिची लाज त्यांनी झाकून ठेवली होती, आणि झाकलेलीच घेऊन गेले होते.

"हा मी सोमवारी ऑफिसला नेणार."

"वेडी की काय? हा पाठीवर असला तर तुझ्याच ऑफिसात तुला मागून पाठवतील. इतकी पुस्तकं वाचलीस, एवढं कळत नाही?"

"बघू कोण पाठवतं ते."

ती खाली जाऊन सायकलवर बसली, थैला उजव्या खांद्यावर अडकवला आणि निघाली. पहिल्याच कोपऱ्यावर ब्रेक दाबला, तसा थैला गर्रकन फिरून पुढे आला आणि गुडघ्यावर असा आदळला की ती हँडलवरून जाता जाता वाचली.

"वकिलीणबाई!" रॉल फुटपाथवरून ओरडला. "डाव्या खांद्यासाठी शिवलेला थैला आहे तो! उजव्यावर घातला की तुझ्याआधी तोच पोचणार!"

तिने पट्टा काढून डाव्या खांद्यावर घेतला. थैला पाठीवर जाऊन बसला. पट्ट्याचा जो भाग झिजून मऊ झाला होता, तो नेमका तिच्या गळ्याच्या हाडाशी आला. ती चौकाला दोन फेऱ्या मारून आली. खांदा दुखू लागला होता.

"दुखतोय?" रॉलने विचारलं.

"हो."

"सॅक बरी होती ना?"

"सॅकच बरी आहे," ती म्हणाली. "पण सोमवारी हाच नेणार."

सोमवारी फिरत्या दारातून ती आत शिरली, तोच प्रुइटचा हात वर झाला. "मागून, मागून! गल्लीतून… अरे, मिस सिन्ट्रॉन?"

"मीच."

"वडिलांचं ऐकलं. वाईट झालं." तो खरंच कळवळला होता, पण नजर थैल्यावरून हटेना. "हा मात्र मागून पाठवा. नियम आहे, मिस."

"नियम थैल्यासाठी आहे की माणसासाठी?"

"थैल्यावरूनच तर माणूस कळतो."

"मग नीट बघून घ्या."

तिने ओळखपत्र त्याच्यापुढे धरलं आणि चालू लागली. बूट अजून सायकलचेच होते. संगमरवरावर खटखट वाजत होते. लिफ्टची वाट बघणारे दोघे जण जरा सरकले, एरवी सरकले नसते इतके.

"मला वर कळवावं लागेल!" मागून प्रुइट म्हणाला.

"कळवा ना. आडनाव नीट सांगा तेवढं."

लिफ्टमध्ये आरसा होता. इतकी वर्षं तिने त्यात केस नीट केले होते. आज तिने त्यात पट्टा सरळ केला. खरं तर नोकरी गेली तर भाडं कसं भरायचं हा विचार बाराव्या मजल्यापर्यंत तिच्याबरोबर होता. त्यानंतर तो मागे पडला.

वर मिसेस हॉल्स्टेड स्वागतकक्षात उभ्याच होत्या. पहारेकऱ्याचा फोन नुकताच येऊन गेला असावा.

"नेरेइदा, फुलं मिळाली ना? आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "पण हे काय गं? दहाला पक्षकार येतायत. तो थैला टपालखोलीत ठेवून ये. तुला कुणी कुरियरवाली समजेल."

"समजू देत."

"हे बघ, तू दुःखात आहेस…"

"मॅडम, बुधवारी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता."

मिसेस हॉल्स्टेड यांना काही आठवेना. "कुठला?"

"चार वाजता याच लिफ्टमधून एक जण आले होते. सॅक जमिनीवर ठेवून त्यांनी पाकीट काढलं, मी सही केली. तुम्ही विचारलंत, तुझ्या ओळखीचे का?"

"हां, तो कुरियरवाला. मग त्याचं काय?"

नेरेइदाचा हात पट्ट्यावर होता. तिने तो खाली घेतला.

"एलाडिओ सिन्ट्रॉन," ती म्हणाली, टपालखोलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "माझ्या ओळखीचे होते. माझे वडील होते ते."