मुकी मांडणी

गुनवरच्या स्वयंपाकघरात पावाच्या आधी रेती भाजली जायची. पश्चिमेच्या समुद्रावरून ती आणायची, खारटपणा जाईपर्यंत धुवायची, वाळवायची आणि ओव्हनमध्ये ट्रे भरून भाजायची, हाताला पिठासारखी सुटी लागेपर्यंत. मागून त्याच ओव्हनमध्ये राय नावाच्या धान्याचा काळा पाव शिरायचा, आणि जेवताना एखादा कण दाताखाली यायचाच. तिचे वडील विलाडस म्हणायचे, "चाव. समुद्र आहे तो."

रेती लागायची मांडण्यांसाठी. लिमफिओर्डच्या खाडीकाठचा हा मुलूख एके काळी रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर बनवणाऱ्यांचा. ती माणसं म्हातारी झाली, गेली. त्यांच्या दिवाणखान्यांत रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर अंगावर घेऊन उभ्या असलेल्या जड मांडण्या, सागाच्या फळ्यांच्या, पोलादी पायांच्या, मुलांनी गोठ्यात नेऊन टाकल्या. विलाडस त्या विकत आणायचे. फळ्यांवरचे कॉफीच्या कपांचे गोल घासून काढायचे, लाकडाला तेल पाजायचे, पायांचा गंज उतरवायचे आणि पोकळ पायांत भाजलेली रेती ठासायचे. पोकळ पाय गाण्याबरोबर स्वतःही गुणगुणतो आणि गाणं गढूळ करतो. चांगल्या मांडणीनं गाणं डोक्यावर घ्यायचं, जन्मभर घ्यायचं, आणि आपण हूं की चूं करायचं नाही. 'मुकी आहे' याहून मोठं कौतुक या धंद्यात नव्हतं.

मांडणी मुकी आहे की नाही, याचा निकाल विलाडस गिऱ्हाइकादेखत द्यायचे. बोटाच्या पेरानं एकेका पायावर टकटक करायची, मान कलती करायची, क्षणभर थांबायचं. त्यांच्या कानाची कीर्ती पार कोपनहेगनला पोचली होती.

आणि त्या कानांना कित्येक वर्षांत काहीच ऐकू आलं नव्हतं. आधी डावा गेला, मग उजवा. यंत्र लावायचं नाव काढलं की म्हणायचे, "मांडणीवाल्याच्या कानात यंत्र? म्हणजे न्हाव्यानं टोप घालून दुकान उघडण्यातला प्रकार." म्हणून टकटक चालू असताना गुनवर समोर उभी राहायची. पाय गात असला तर ती केसांची बट कानामागे सारायची. मुका असला तर नुसती उभी. बाकी वेळ विलाडस समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे, आणि फार प्रश्न येऊ नयेत म्हणून स्वतःच बोलत राहायचे.

गुनवर चाळिशीला टेकली होती. गावच्या चर्चमधला ऑर्गन जुळवायला दरवर्षी दक्षिणेकडून रागनहिल्ड नावाची कारागीर यायची, आणि ती नळ्यांपाशी वर चढली की खाली पट्ट्या दाबायला गुनवर बसायची. यंदा रागनहिल्डला कळायच्या आधी गुनवर खालून म्हणाली, "ती तिसरी जरा रुसलीय." रागनहिल्ड शिडीवरून उतरली आणि तिच्याकडे बघत राहिली. "माझ्याकडे ये कामाला," ती म्हणाली. "हात भरपूर आहेत माझ्याकडे. कान नाहीत." शनिवारी संध्याकाळी ती फोन करणार होती, आणि सोमवारी गुनवरनं निघायचं होतं.

गुनवरनं वडिलांना काही सांगितलं नव्हतं. ओठांपर्यंत यायचं, पण ओठच तर ते वाचत होते.

म्हणून तिनं दुसरंच केलं. शनिवारी थोरकिल मांडणी न्यायला येणार होता. फेरीबोटीवरचा निवृत्त कप्तान, घरात रेकॉर्डी विलाडसच्याच मांडण्यांवर वाजवणारा. त्या उंच मांडणीचे तीन पाय गुनवरनं भरले आणि मागचा डावा तसाच रिकामा ठेवून झाकण बसवलं. टकटक होताना आपण तिथं नसायचं. बाबा मुकी म्हणणार, थोरकिलला पाय गाताना ऐकू येणार, आणि झाकलेलं उघड होणार. मग दुकान बंद तरी होईल नाहीतर यंत्र तरी येईल, आणि आपल्याला एक शब्द बोलावा लागणार नाही. असं काहीसं तिनं मनाशी जुळवलं होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

"विलाडस, आहेस का रे अजून जिवंत?" थोरकिल दारातूनच गरजला.

"ये, ये. खाडीवर वारा असेल," विलाडस म्हणाले, "गाडीचं दार धरून उघडलंस ना? गेल्या खेपेला त्या धर्मगुरूचं दार उडून गेलं. प्रार्थना करत बसला होता, दार धरायचं सोडून."

"कॉफी आणते," गुनवर म्हणाली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पलीकडे टकटक सुरू झाली. पहिला पाय मातीत काठी आपटल्यासारखा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथा गायला. लांब, स्वच्छ, रिकाम्या बाटलीत वारा शिरावा तसा. कितीतरी वेळ तो सूर विरला नाही.

"मुकी," विलाडसचा आवाज आला.

मग थोरकिल म्हणाला, "मुकी तर मुकी. नेतो."

गुनवर कॉफी न घेताच बाहेर आली. विलाडस पाठमोरे होते, फळीवरून हात फिरवत, गाय विकायच्या आधी फिरवतात तसा.

"थोरकिल, तुला ऐकू आलं नाही?" ती म्हणाली. "मागचा डावा गातोय."

"आलं की."

"मग नेतो कसं म्हणालास?"

"मला वाटलं, माझेच कान गेले." थोरकिलनं आवाज खाली आणला, सवयीनं; गरज नव्हती. "तू केस मागे घेतले नाहीस ना."

"तुला ठाऊक आहे?"

"अगं पोरी, सगळ्यांना ठाऊक आहे. तो होल्स्टेब्रोचा दातांचा डॉक्टर तर बायकोला बजावूनच पाठवतो, म्हाताऱ्याकडे बघू नकोस, पोरीच्या बटेकडे बघ. आम्ही येतो ते तुझ्या कानावर. फक्त त्याला बोलू नकोस. त्याला वाटतंय, आपण सगळ्यांना बनवतोय. तेवढी गंमत राहू दे त्याची."

"आणि मी नसले तर?"

"तू कुठं जाणार आहेस?" थोरकिल हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. चर्चचा मनोरा उद्या गावी जाणार म्हटल्यावर हसावं, तसा तो हसला.

विलाडस वळले. "काय झालं?"

थोरकिलनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड नीट समोर धरून म्हणाला, "गाडी लहान पडतेय रे. पुढच्या शनिवारी मोठी आणतो. मांडणी फक्कड आहे."

तो गेला. गुनवर तिथंच उभी राहिली. ज्याला ती दार समजून लाथ मारायला निघाली होती, ती भिंतीवर रंगवलेली चौकट निघाली होती. आपण गेलो की गिऱ्हाईक येणार नाही. गिऱ्हाईक आलं नाही की बाबांना कळणार, लोक कशासाठी येत होते. आणि हेही कळणार की इतकी वर्षं सगळे त्यांची समजूत राखत होते.

तरी ती वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली. "बाबा, रागनहिल्डनं..."

त्यांनी तिच्या ओठांवर ते नाव फुटताना पाहिलं आणि नजर फळीकडे उतरवली. "या कडेला अजून एक हात तेल लागेल," ते म्हणाले.

ती मांडणीला वळसा घालून पुन्हा समोर आली. ते पलीकडच्या कडेला गेले. ती तिकडे गेली. ते खाली वाकून पाय पुसू लागले. घराच्या मधोमध ती उंच मांडणी, आणि तिच्याभोवती बाप-लेक, लपंडाव खेळावा तशी. तेव्हा गुनवरच्या ध्यानात आलं. चर्चमध्ये रागनहिल्ड बोलली तेव्हा बाबा पलीकडच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. लांब होते, पण समोर होते.

त्यांना तेव्हापासून माहीत होतं. आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

दिवस कलताना फोन वाजला. विलाडस स्टुलावर बसून चिंधीला तेल लावत होते. त्या घरात कुणाचंही गुपित भरल्या खोलीत, मोठ्या आवाजात बोलता येत असे. गुनवरनं खिडकीकडे तोंड केलं.

"मग सोमवारी स्टेशनवर येऊ ना?" रागनहिल्डनं विचारलं.

"नको. माझं जमणार नाही."

"थोडे दिवस थांबू का?"

"नको, थांबू नकोस," गुनवर म्हणाली. "दुसरं कुणी बघ."

"तुझ्यासारखं कुणी नाही ग."

"असेल. पट्ट्या दाबायला बसवून बघत जा."

तिनं फोन ठेवला आणि जरा वेळानं वळली. विलाडसचे हात थांबले होते.

"गिऱ्हाईक होतं का ग?"

तिनं होकाराची मान हलवली.

"कधी येतंय?"

"नाही येणार," ती म्हणाली. सावकाश म्हणाली, एकेक अक्षर दिसेल असं.

विलाडस तिच्या तोंडाकडे बघत राहिले. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी नजर काढून घेतली नाही. मग त्यांनी हातातली चिंधी मधोमध फाडली आणि अर्धी तिच्यापुढे धरली.

"ही बाजू तू घे," ते म्हणाले.

तिनं ती घेतली.